विमानाचा आवाज कुणाच्या वाट्याला किती?

धावपट्टीच्या टोकाशी एक वस्ती आहे असं धरू. सकाळी सात ते रात्री अकरा या सोळा तासांत तिच्यावरून दहा विमानं जातात आणि प्रत्येक विमान घरांवरून जाताना आवाज ८५ डेसिबलपर्यंत चढतो. काही वर्षांनी विमान कंपन्या नवी, कमी आवाजाची विमानं आणतात. आता एका विमानाचा आवाज ७५ डेसिबल, पण विमानं शंभर. पूर्वी दीड तासानं एक विमान यायचं, आता दर साडेनऊ मिनिटांनी येतं. वार्षिक अहवालात मात्र दोन्ही वर्षांपुढे एकच आकडा छापला जाईल. आवाजाची पातळी जैसे थे.

हिशेबात खोट नाही. डेसिबलच्या मोजपट्टीवर दहा अंक वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. म्हणजे दहावा हिस्सा ऊर्जेची दहापट विमानं आली, तर सोळा तासांची सरासरी तंतोतंत तीच राहते. कानाचा हिशेब वेगळा असतो. दहा डेसिबल कमी झाले की माणसाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, दहावा हिस्सा झाल्यासारखा नाही. वस्तीतल्या माणसाच्या दृष्टीनं निम्म्या आवाजाचं विमान दहापट वेळा येऊ लागलं. आता त्याचं बरं झालं की वाईट, हे सरासरीचा आकडा सांगू शकत नाही.

विमानतळाभोवतीच्या आवाजाचे नियम समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते. विमान उडणार तर आवाज होणारच. तो कमी करण्याचं काम अभियंते करतात आणि त्यांनी ते चांगलं केलंय. नियमांचं मुख्य काम उरलेल्या आवाजाची वाटणी करणं हे आहे: तो कोणत्या वेळी, कोणत्या वस्तीच्या डोक्यावर पडायचा. ही वाटणी कागदावर कशी दिसेल ते मोजपट्टी कोणती घेतली यावर ठरतं. त्यामुळे वरवर तांत्रिक वाटणारा मोजणीचा वाद हाच बहुतेक वेळा खरा वाद असतो.

एकाच आवाजाचे अनेक आकडे

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये जेट प्रवासी विमानं न्यूयॉर्कहून अटलांटिकपार नियमित जाऊ लागली. त्याआधीच तिथल्या विमानतळांचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीला एक पेच पडला होता. जुन्या प्रोपेलरच्या विमानाचा आणि जेटचा आवाज डेसिबलमध्ये सारखा भरला, तरी जेटची तीक्ष्ण किंचाळी लोकांना कितीतरी जास्त असह्य वाटत होती. मग कार्ल क्रायटर या शास्त्रज्ञानं लोकांना आवाज ऐकवून, त्यांना तो किती त्रासदायक वाटतो यावर बेतलेली नवी मोजपट्टी तयार केली. तिच्या आधारे न्यूयॉर्कमध्ये उड्डाणासाठी ११२ ची मर्यादा ठरली. तिचीच सुधारलेली आवृत्ती आजही नव्या विमानाला आवाजाचं प्रमाणपत्र देताना वापरतात.

ही झाली एका विमानाची मोजणी. विमानतळाचा एकूण आवाज सांगायचा तर दिवसभराच्या ऊर्जेची सरासरी काढतात. रात्रीचा आवाज जास्त जाचतो, म्हणून युरोपात रात्री अकरा ते सकाळी सातच्या विमानांना १० डेसिबलचा दंड लावून ती मोजतात आणि संध्याकाळी सात ते अकराच्या विमानांना ५ चा. दहा डेसिबलचा दंड म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतकं धरलं. अमेरिकेत संध्याकाळचा दंड नाही, रात्र दहा वाजता सुरू होते. भारतात २०१८ साली पर्यावरण मंत्रालयानं काढलेल्या अधिसूचनेत दिवस आणि रात्र वेगळीच ठेवली आहे: वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त विमानांची ये-जा असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, इतरांसाठी ६५ आणि ६०. देशागणिक रात्रीची व्याख्या बदलते, आणि त्यासोबत एखादी वस्ती 'बाधित' ठरते की नाही तेही.

सरासरीवर भरवसा ठेवला की काय होतं ते सिडनीनं १९९४ मध्ये पाहिलं. तिथं तिसरी धावपट्टी सुरू झाली आणि बहुतेक वाहतूक उत्तर-दक्षिण दिशेला वळली. आधी प्रसिद्ध झालेल्या नकाशांवर सरासरी आवाजाच्या रेषा आखलेल्या होत्या. रेषेबाहेरच्या लोकांनी त्याचा साधा अर्थ लावला की आपल्याकडे त्रास नाही. प्रत्यक्षात विमानं सुरू झाल्यावर तीच माणसं रस्त्यावर उतरली. सिनेटची चौकशी समिती नेमावी लागली. त्या धड्यातून ऑस्ट्रेलियात एक सरळ मोजणी पुढे आली: दिवसात किती विमानांचा आवाज ७० डेसिबलच्या वर गेला, ते नुसतं मोजा. सत्तरच का? खिडकी उघडी असलेल्या घरात बाहेरचा आवाज साधारण १० डेसिबलनं कमी होऊन पोचतो, आणि घरात ६० झाले की बोलणं तुटतं, टीव्हीचं वाक्य हुकतं. 'तुमच्या घरात दिवसाला ४२ वेळा बोलणं थांबवावं लागेल' हे वाक्य कुणालाही कळतं. 'सरासरी ६१ डेसिबल' हे कळायला पदवी लागते. माझ्या मते एवढ्या एका बदलानं लोकांशी जितका प्रामाणिकपणा झाला, तितका जाडजूड पर्यावरण अहवालांनी क्वचितच झाला असेल.

सरासरीला फेकून द्या असंही नाही. दीर्घकाळच्या आरोग्य-परिणामांचा अभ्यास बहुतांश सरासरीवरच झालेला आहे. प्रश्न आहे तो मर्यादा कुठे आखायची हा. अमेरिकेत ६५ डेसिबल ही रेषा ठरली, तिच्यामागे १९७८ मध्ये मांडलेला एक आलेख होता: अमुक आवाजाला किती टक्के लोक अतिशय त्रासलेले असतात. त्या वळणाचे जुने आलेख ६५ ला १२ टक्क्यांच्या आसपास लोक दाखवत. मग अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनानंच २० विमानतळांभोवतीच्या सुमारे दहा हजार लोकांची पाहणी केली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्याच ६५ डेसिबलला त्रासलेल्यांचं प्रमाण ६० ते ७० टक्के निघालं. पाहणी आली, पण ६५ चा आकडा लगेच हलला नाही. कारण तो हलवला की हजारो घरं एका दिवसात भरपाईच्या आणि खिडक्या बदलून देण्याच्या यादीत येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ मध्ये सुचवलेली पातळी तर ४५ आहे, रात्रीसाठी ४०.

आवाजाचा परिणाम नुसत्या चिडचिडीपुरता नसतो याचा पुरावा म्युनिकनं दिला, तोही जवळजवळ योगायोगानं. १९९२ च्या मे महिन्यात जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांच्या चाचण्या बदलाच्या आधी आणि नंतर घेतल्या. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं घसरलं. असा स्वच्छ प्रयोग ठरवून करायला कुणी परवानगी दिली नसती.

तक्रारींची संख्या ही मात्र फसवी मोजपट्टी आहे. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाकडे आलेल्या आठ हजारांहून जास्त तक्रारींपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक एकाच घरातून आल्या होत्या. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण सगळे जळणारे तक्रार करत नाहीत. भाड्यानं राहणारे आणि रात्रपाळी करणारे सहसा फोन उचलत नाहीत.

विमान मुळात शांत करायचं तर

सुरुवातीच्या जेट इंजिनांचा बराचसा आवाज मागून सुटणाऱ्या गरम, वेगवान झोताचा होता. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञानं १९५२ मध्ये दाखवलं की झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताप्रमाणे वाढते. उलट बाजूनं वाचलं तर हे वरदान आहे: झोताचा वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती अडीचशे पटींहून जास्त खाली येते. म्हणून इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा बसवून बरीचशी हवा ज्वलनकक्षाच्या बाहेरून, हळू वेगानं मागे ढकलायची पद्धत आली. पहिल्या पिढीच्या अशा इंजिनांत आतून जाणाऱ्या हवेच्या एक-दोन पट हवा बाहेरून जायची, आता दहापटीच्या आसपास जाते. यातली गंमत अशी की हे सगळं मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी झालं, शांतता सोबत फुकट मिळाली.

नियमांनी या वाटेवर मागून ढकलण्याचं काम केलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिनं १९७१ मध्ये विमानाच्या आवाजाचे जागतिक निकष स्वीकारले. नव्या जेटचा आवाज तीन ठिकाणी मोजतात: उतरताना धावपट्टीच्या २ किलोमीटर आधी, उड्डाणाच्या धावेला सुरुवात होते तिथून साडेसहा किलोमीटरवर, आणि धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ४५० मीटर बाजूला. निकष टप्प्याटप्प्यानं कडक होत गेले. २००६ पासूनच्या नव्या विमानांना तिन्ही ठिकाणांची बेरीज आधीच्या निकषापेक्षा १० डेसिबल कमी आणावी लागली, आणि २०१७ च्या अखेरीपासून मोठ्या विमानांना आणखी ७. अटी नव्या नमुन्याच्या विमानांना लागतात, आधीच उडणाऱ्यांना नाही. विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं. त्यामुळे आज केलेला निकष आकाशात पुरता उतरायला एक पिढी जाते.

इंजिन शांत झालं तसा दुसरा आवाज उघडा पडला: खुद्द विमानाच्या अंगाचा. उतरताना इंजिन मंद असतं, पण बाहेर आलेली चाकं, पंखांच्या कडेला खाली झुकलेले फ्लॅप आणि पुढे सरकलेले स्लॅट हवा फाडत जातात. एअरबस ए३२० जातीच्या विमानांची एक विशिष्ट शिट्टी युरोपातल्या लोकांना पाठ झाली होती. तिचं कारण पंखाखालची इंधनटाकीची छोटी गोल छिद्रं निघाली. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होतं तसं त्या छिद्रांवरून हवा जाताना व्हायचं. छिद्रासमोर पत्र्याचा एक लहानसा तुकडा बसवला की शिट्टी बंद. लुफ्तान्सानं २०१४ पासून आपल्या विमानांना तो बसवायला घेतला. एवढा स्वस्त उपाय आणि इतकी वर्षं तो सुचला नव्हता असं नाही, तो करायला कुणाला कारण नव्हतं. शिट्टी वाजवणाऱ्या विमानाला जादा शुल्क लागायला लागलं की कारण सापडतं.

रेघ कुणाच्या घरावरून?

आता आकाशातली वाटणी. उड्डाणानंतर वैमानिक दोन रीतींनी चढू शकतो. पहिल्या रीतीत आठशे फुटांच्या वर गेल्यावर इंजिनाचा जोर कमी करून, वेग न वाढवता, आधी उंची गाठायची. याचा फायदा विमानतळाला खेटून असलेल्या वस्तीला होतो. दुसऱ्या रीतीत लवकर वेग घेऊन फ्लॅप आत घ्यायचे. यात जवळच्यांना थोडं जास्त सोसावं लागतं, लांबच्यांना कमी. दोन्हींना 'आवाज कमी करणारी पद्धत' असंच म्हणतात. कुणाचा आवाज, ते नावात येत नाही.

उतरताना पायऱ्या-पायऱ्यांनी खाली आलं तर प्रत्येक सपाट टप्प्यावर इंजिनाला जोर द्यावा लागतो. त्याऐवजी एका उतारावर अखंड घसरत येणं शांत आणि इंधन वाचवणारं. पण फायदा लांबच्या गावांना होतो. शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये सगळीच विमानं एकाच उतारावर असतात, तिथल्या लोकांना काही फरक पडत नाही. मग उतारच तीव्र करावा? नेहमीचा उतार ३ अंशांचा. फ्रँकफुर्टच्या एका धावपट्टीवर तो ३.२ केला आहे. गणित करून पाहा: धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर विमान जेमतेम ३५ मीटर वर जातं, म्हणजे अर्ध्या डेसिबलचा फरक. कानाला तो जाणवतही नाही. लंडन सिटी विमानतळावर उतार ५.५ अंश आहे, पण तिथं खास परवानगी असलेली विमानं आणि खास शिकलेले वैमानिकच उतरू शकतात.

सगळ्यात तिखट वाद उपग्रहांनी आणला. पूर्वी विमानं एकाच मार्गानं जाताना आपोआप थोडी पसरायची: कुणी इकडून, कुणी तिकडून. उपग्रहाच्या मदतीनं ती आता एका अरुंद रेघेवर, एकामागोमाग एक जातात. पसरलेला आवाज एका गल्लीवर गोळा झाला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर असे मार्ग लागू झाले आणि काही जुन्या वस्त्यांवर अचानक विमानांची रांग लागली. संघीय विमान वाहतूक प्रशासनाचं म्हणणं होतं की सरासरीतली वाढ ठरलेल्या पातळीखाली आहे, म्हणून सविस्तर अभ्यासाची गरज नाही. शहर कोर्टात गेलं. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं प्रशासनाचा निर्णय मनमानी ठरवला आणि पश्चिमेकडचे मार्ग पुन्हा जुन्यासारखे करावे लागले. पुन्हा मोजपट्टीच.

मग गोळा करायचा की पसरायचा? गोळा केला तर थोडे लोक फार सोसतात आणि त्यांना खिडक्या, भरपाई देणं सोपं जातं. पसरला तर पुष्कळ लोक थोडं थोडं सोसतात आणि भरपाई कुणालाच मिळत नाही. सिडनीनं १९९६ नंतर पसरण्याची बाजू घेतली. लंडनच्या हीथ्रोनं तिसराच मार्ग काढला: दोन धावपट्ट्यांपैकी उतरणाऱ्या विमानांची धावपट्टी दुपारी तीन वाजता बदलायची, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा दिवस हमखास निवांत. लोकांना हमखास शांततेची किंमत फार असते. आवाज किती याइतकंच तो कधी थांबणार हे ठाऊक असणं महत्त्वाचं, आणि कोणत्याही सरासरीत ते मोजलं जात नाही.

सीमा मध्ये आली की वाटणी आणखी चिघळते. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकला उतरणारी विमानं दक्षिण जर्मनीवरून यायची. २००३ मध्ये जर्मनीनं पहाटे आणि रात्री आपल्या हद्दीवरून येण्यावर बंधनं घातली. परिणाम: झ्युरिकच्या दक्षिणेकडच्या दाट वस्तीच्या उपनगरांवरून सकाळची विमानं सुरू झाली, जिथं पूर्वी ती नव्हतीच. आवाज तेवढाच राहिला, देश बदलला.

जमिनीवरचे उपाय

सिद्धांत सोपा आहे: विमानतळाभोवती मोकळी जागा ठेवा. मॉन्ट्रियलनं तो शब्दशः पाळला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मिराबेल विमानतळासाठी सुमारे ३९,००० हेक्टर जमीन ताब्यात घेतली, भोवती घरंच येऊ नयेत म्हणून. विमानतळ इतका आडबाजूला पडला की प्रवासी फिरकेनात, आणि २००४ मध्ये शेवटचं प्रवासी विमान उडालं. जपाननं १९९४ मध्ये ओसाकाच्या उपसागरात बेट बांधून त्यावर कान्साई विमानतळ उभा केला. तो चोवीस तास चालतो, शेजारी कुणी नाही, बेट मात्र खचत असतं. ओसाकाच्या जुन्या विमानतळाविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले होते. १९८१ मध्ये त्यांना मागच्या त्रासाची भरपाई मिळाली, पण रात्रीची विमानं थांबवण्याचा आदेश मिळाला नाही. पुढे तोच जुना विमानतळ बंद करायची वेळ आली तेव्हा आसपासच्या पालिकांनीच विरोध केला, रोजगार जाईल म्हणून. ही विसंगती वाटते, पण विमानतळाशेजारी राहणाऱ्याची खरी स्थिती तीच आहे.

बहुतेक ठिकाणी जागा मोकळी राहत नाही. त्यातही एक चक्र आहे. विमानं शांत झाली की नकाशावरची आवाजाची रेषा आत सरकते. रेषा सरकली की बाहेर आलेल्या जमिनीवर बांधकामाला परवानगी मिळते. मग वाहतूक वाढते, रेषा पुन्हा फुगते आणि आता तिच्यात नवी घरं असतात. 'विमानतळ आधी होता, हे नंतर राहायला आले' हा युक्तिवाद ऐकला की मला हे चक्र आठवतं. परवानगीचा शिक्का कुणी मारला, ते तिथं कुणी विचारत नाही.

एक उपाय मात्र मला मनापासून आवडतो. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाची पाचवी धावपट्टी २००३ मध्ये सुरू झाली. उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाची खोल घुमणारी धडधड सपाट मुलखावरून काही किलोमीटर लांबच्या गावात पोचू लागली. अशा आवाजाची तरंगलांबी दहा मीटरच्या आसपास असते, साधी भिंत त्याला अडवत नाही. मग लक्षात आलं की पिकं काढून शेतं नांगरली की हा आवाज कमी होतो: ढेकळं आणि नांगरलेल्या सऱ्या त्याला विस्कटून टाकतात. त्यावरून धावपट्टी आणि गाव यांच्यामध्ये मातीचे प्रचंड सरी-वरंबे घातले, त्यांतून पायवाटा काढल्या आणि बाग केली. २०१३ मध्ये ती खुली झाली. वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज यानं कमी होत नाही, फक्त जमिनीलगत येणारा होतो. दुहेरी काचेच्या खिडक्यांचंही तसंच. खिडकी उघडली की उपाय संपला, अंगणासाठी तर नाहीच.

रात्र, आणि शेवटचा शब्द कुणाचा

रात्रीचे नियम तीन तऱ्हांचे असतात: पूर्ण बंदी, विमानांच्या संख्येवर मर्यादा, आणि आवाजाचा कोटा. सिडनीत १९९५ च्या कायद्यानं रात्री अकरा ते सकाळी सहा मोजके अपवाद सोडून सगळं बंद. फ्रँकफुर्टमध्ये २०११ च्या ऑक्टोबरपासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणं बंद, आणि पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ते उचलून धरलं.

हीथ्रोचा कोटा जास्त रंजक आहे. तिथं प्रत्येक विमानाला आवाजाप्रमाणे गुण असतात: एक-अष्टमांश, पाव, अर्धा, एक, दोन, चार, आठ, सोळा. दर तीन डेसिबलला गुण दुप्पट, म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेशी जुळणारं. रात्री साडेअकरा ते सहा या वेळेसाठी मोसमाचे एकूण गुण ठरलेले, शिवाय वर्षाला ५,८०० विमानांची वेगळी मर्यादा. एअरबसचं भलंमोठं ए३८० घडत असताना ते या यादीत दोन गुणांत बसावं म्हणून इंजिनाचा पंखा मोठा केला गेला, आणि त्यापायी इंधनाचा थोडा तोटा पत्करला. एका विमानतळाच्या रात्रीच्या नियमानं जगभर उडणाऱ्या विमानाचा आकार बदलला.

पण असा नियम करण्याचा अधिकार कुणाचा? १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कोंबडीपालकाचा दावा आला. लष्करी विमानं त्याच्या जमिनीवरून ८३ फुटांवरून जात, कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. न्यायालय म्हणालं, जमिनीची मालकी आकाशापर्यंत नसते, पण इतक्या खालून उडून जमीन निरुपयोगी केली तर भरपाई द्यावी लागेल. १९६२ मध्ये त्याच न्यायालयानं ही भरपाई विमानतळ चालवणाऱ्या स्थानिक संस्थेवर टाकली. आणि बरबँक शहरानं रात्रीची जेट उड्डाणं बंद केली तेव्हा १९७३ मध्ये त्याच न्यायालयानं ठरवलं की आकाश केंद्राचं आहे, शहराला तो अधिकार नाही. म्हणजे पैसे स्थानिकांनी द्यायचे, विमान थांबवायचं केंद्रानं.

देशादेशांतही हीच ओढाताण चालते. युरोपीय संघानं १९९९ मध्ये जुन्या इंजिनांना 'हश किट' नावाचं आवरण बसवून निकष गाठणाऱ्या विमानांवर बंधन आणलं. अशी विमानं आणि किट प्रामुख्यानं अमेरिकी होती, म्हणून अमेरिका इकाओकडे गेली. त्या भांडणाच्या छायेत २००१ मध्ये इकाओनं आजही लागू असलेला 'संतुलित दृष्टिकोन' मान्य केला: आधी विमान शांत करणं, जमिनीच्या वापराचं नियोजन आणि उड्डाणपद्धती पाहा, उड्डाणांवर बंधन हा पहिला उपाय म्हणून वापरू नका. ऐकायला समंजस, पण यात पुराव्याचा भार बंधन मागणाऱ्यावर पडतो. ब्रिटनमधल्या हीथ्रोजवळच्या रहिवाशांनी रात्रीच्या उड्डाणांविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात २००१ मध्ये दावा जिंकला, आणि दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे हरला. सरकारनं अर्थकारण आणि झोप यांचा तोल योग्य साधला, असं पीठाचं म्हणणं पडलं.

डच सरकारनं २०२२ मध्ये स्किफोलची उड्डाणं वर्षाला पाच लाखांवरून ४,४०,००० वर आणायचं जाहीर केलं. विमान कंपन्या कोर्टात गेल्या, अमेरिकेनं आणि युरोपीय आयोगानं प्रक्रियेवर बोट ठेवलं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये योजना थांबवावी लागली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ४,७८,००० चा आकडा पुढे आला. दरम्यान मार्च २०२४ मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयानं रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला होता: सरकारनं वर्षानुवर्षं विमान वाहतुकीला झुकतं माप दिलं, आवाजाचे स्वतःचेच नियम अमलात आणले नाहीत, आणि खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग केला. बारा महिन्यांच्या आत नियम पाळा, असा आदेश होता. संरक्षणाची व्यवस्था करताना नकाशावरच्या रेषेबाहेर राहणारी, पण आवाजानं झोप मोडणारी माणसंही धरायची, हे न्यायालयानं त्याच निकालात स्पष्ट लिहिलं.